घरातील पाच मते

आमच्या घरात मते पाच. मातोश्रींचे एक, आमचे एक, आमच्या सौभाग्यवतींचे एक आणि चिरंजीव व सूनबाई यांची दोन. संगमनेर विधानसभा मतदारसंघाच्या यादीत ही पाचही नावे एकाखाली एक छापलेली आहेत. निवडणूक जवळ आली की कार्यकर्ते मंडळी यादीवर बोट ठेवून "सर, आपल्या घरची पाच ना?" असे दारातूनच विचारतात, आणि आम्ही "हो, पाच" म्हणून सांगतो. मध्यंतरी वडील गेले, सूनबाई आली, त्यामुळे आकडा कमीजास्त झाला असेल; परंतु तो जो काही असेल तो सबंध आपलाच, याविषयी आमच्या मनात चाळीस वर्षे तिळमात्र संशय आला नव्हता.

वस्तुतः हा संशय इतर कोणापेक्षा आम्हांस आधी यावयास हवा होता. आम्ही तेहतीस वर्षे शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकविले. गुप्त मतदानाचा धडा दरसाल येई. पती पत्नीस विचारू शकत नाही, मालक चाकरास विचारू शकत नाही, असे आम्ही खडू हातात घेऊन मोठ्या आवेशाने सांगत असू. आणि मतदानाच्या दिवशी सकाळचा चहा झाला की घरात "चला" म्हणून आरोळी ठोकून सर्वांस पुढे घालून केंद्राकडे निघत असू. कोणाला मत द्यावयाचे हे वाटेत सांगण्याची गरजही पडत नसे. घरात जसा एकच कुलदेव, तसा एकच उमेदवार.

त्या उमेदवाराची आणि आमची मतदार म्हणून कारकीर्द एकाच वर्षी सुरू झाली. १९८५ साली आम्ही चोवीस वर्षांचे होतो. मतदानाचे वय तेव्हा २१ होते, ते १८ झाले १९८९ साली. विधानसभेसाठी मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची आमची ती पहिलीच वेळ, आणि बाळासाहेब थोरात यांचीही निवडणूक लढविण्याची ती पहिलीच वेळ. ते अपक्ष उभे होते, वय अवघे बत्तीस. त्यांचे वडील भाऊसाहेब थोरात हे स्वातंत्र्यसंग्रामातून आलेले आणि सहकारी चळवळीत नाव कमावलेले गृहस्थ. साखर कारखाना, दूध संघ, अमृतवाहिनीची महाविद्यालये, यांच्या आधाराने हा तालुका उभा राहिला, हे विरोधकही नाकारीत नाहीत. बाळासाहेब निवडून आले, पुढे काँग्रेसचे झाले, आणि मग २०१९ पर्यंत ओळीने आठ वेळा विधानसभेत गेले. कृषी आणि महसूल यांसारखी खाती त्यांनी सांभाळली. बोलणे हळू, राग दिसावयाचा नाही, अशी त्यांची ख्याती. २०१९ साली त्यांना १,२५,३८० मते पडली आणि प्रतिस्पर्ध्यापेक्षा ती ६२,२५२ नी अधिक होती. अशा मतदारसंघात निवडणूक म्हणजे वार्षिक श्राद्धासारखी, तिथी आली की करावयाची.

येथे आमच्या घरासंबंधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रवरेच्या काठची आमची थोडीफार जमीन कुळकायद्यात गेली. १ एप्रिल १९५७ हा जो कृषकदिन, त्या दिवशी कसणारी कुळे मालक झाली, आणि आमच्यासारखी पुष्कळ घराणी वाड्याच्या चार भिंती घेऊन उरली. आजोबांस त्याचे दुःख झाले असेल. वडिलांनी मात्र आम्हांस नोकरीच्या मार्गास लाविले आणि तो विषय पुन्हा काढला नाही. सांगावयाचा मुद्दा असा की, आमच्या घरी ऊस नाही, त्यामुळे कारखान्याचा शेअर नाही. म्हैस नाही, त्यामुळे दूध संघाशी देवघेव नाही. सहकाराचा जो संसार या तालुक्यात मांडला गेला, त्याच्याशी आमचा संबंध बाजारातून साखर आणि दूध विकत घेण्यापुरताच. यामुळे आमचे मत अगदी निःस्वार्थ आहे, असा आम्हांस एक सूक्ष्म अभिमान वाटत असे. आणि निःस्वार्थी मनुष्य आपले मत पुन्हा तपासून पाहण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही.

ते तपासावयास लावणाऱ्या गोष्टी नव्हत्या असे नाही. बाहेरगावच्या पाहुण्यास संगमनेर म्हणजे नदीकाठचे हिरवे गाव वाटते. पण तळेगाव-निमोणकडे जावे, किंवा पुणे रस्त्याने घाट चढून पठारावर जावे, म्हणजे याच तालुक्याचा दुसरा चेहरा दिसतो. आमच्या वर्गात त्या भागातून येणारी मुले असत. उन्हाळ्याच्या तोंडी त्यांची हजेरी का घटते असे विचारले की, "सर, टँकर येतो त्या दिवशी घरी थांबावं लागतं," असे उत्तर मिळे. या कोरड्या गावांसाठी प्रवरेवर निळवंडे येथे धरण बांधण्याचे बोलणे १९७० सालापासूनचे. आम्ही शाळेत शिकत होतो तेव्हा धरण होणार होते. शिकवू लागलो तेव्हाही होणार होते. अखेर ३१ मे २०२३ रोजी डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी सुटले, आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते ८५ किलोमीटरच्या त्या कालव्याचे लोकार्पण झाले. पाण्याचे श्रेय थोरातांचे की शेजारच्या विखे-पाटलांचे, यावर तालुक्यात जो वाद झाला त्याचे वर्णन करू गेल्यास या मासिकाचा एक अंक पुरणार नाही. मात्र ज्या शेतकऱ्याने त्रेपन्न वर्षे वाट पाहिली, तो पाणी आल्यावर आणणाऱ्याचे उपकार मानील, की इतका उशीर का म्हणून विचारील, हा प्रश्न कोणाच्या ध्यानी आला नाही. आमच्याही आला नाही.

२०२४ साल उजाडले. जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला तो महाराष्ट्रात विरोधी पक्षांच्या बाजूचा. काँग्रेसने १३ जागा जिंकल्या. तेव्हा विधानसभा तर आता सहजच, अशी हवा झाली. त्याच महिन्यात राज्य सरकारने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' ही योजना जाहीर केली. अडीच लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांतील २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये. आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंच्या खात्यात नोव्हेंबरपर्यंत पाच हप्ते मिळून ७,५०० रुपये जमा झाले. आम्ही त्यांस सरकारी तिजोरी, कर्ज आणि व्याज यांविषयी चार शब्द सांगितले. त्यांनी हातातले पातेले खाली ठेवून सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "खरं असंल सर. पन आजवर माझ्या एकटीच्या नावानं बँकेत काही आलं नव्हतं." मग पातेले उचलून त्या कामास लागल्या. आमच्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या थोड्या शब्दांत कोणी आम्हांस गप्प केल्याचे आठवत नाही.

मतदान २० नोव्हेंबरचे. पण आमच्या घरातील पहिले मत त्याच्या आधीच पडले. मातोश्री नव्वद वर्षांच्या आहेत. पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांस घरबसल्या मत देता यावे ही सोय महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी त्या वर्षी प्रथमच लाभली. चिरंजीवांनी अर्ज भरला, आणि एके सकाळी निवडणूक कर्मचारी, पोलीस शिपाई आणि चित्रीकरण करणारा मुलगा अशी मंडळी आमच्या ओसरीवर येऊन दाखल झाली. सौभाग्यवतींनी चहा पुढे केला. मंडळींनी तो नम्रपणे नाकारला. माजघरात मेजावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. मातोश्रींच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली, हातात मतपत्रिका आली. त्यांस ऐकू कमी येते, परंतु दृष्टी अजून शाबूत आहे. तरीही आम्ही सवयीने पुढे सरसावलो आणि वाकून म्हणालो, "आई, दाखवू का कुठे ते?"

त्यावर तो अधिकारी, वयाने आमच्या विद्यार्थ्यासारखा, अत्यंत अदबीने म्हणाला, "सर, आपण जरा बाहेर थांबावं."

आमच्याच घरातून, आमच्याच माजघरातून, आम्हांस कोणी बाहेर जावयास सांगण्याचा हा पहिला प्रसंग. आम्ही अंगणात तुळशीपाशी जाऊन उभे राहिलो. आत मातोश्रींनी किती वेळ घेतला! कागद उलगडल्याचा आवाज, मग शांतता, मग पाकीट चिकटविण्याचा आवाज. मंडळी गेल्यावर आम्ही सहज विचारावे तसे विचारले, "मग, नेहमीचंच ना?" मातोश्रींनी कानाला हात लावून ऐकू न आल्याची खूण केली आणि जपमाळ घेतली.

वीस तारखेस आम्ही चौघे केंद्रावर गेलो. रांगेत पुष्कळ स्त्रिया होत्या, आणि त्या एकमेकींशी बोलत होत्या. पुरुष गप्प होते. आमचा क्रम आला. यंत्रावरील बटण दाबले, शेजारच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसून खाली पडली. नवव्या वेळी तेच नाव. ते दिसताच बरे वाटले, जसे जुन्या घरात अंधारातही हात बरोबर कडीवर पडल्यावर वाटते.

तेवीस तारखेस, शनिवारी, मोजणी. आम्ही न्याहारी आटोपून बसलो होतो ते निकाल पाहावयास नव्हे, तर आकडा पाहावयास. पहिल्या काही वेळात पिछाडी दिसली तेव्हा चिरंजीवांस म्हणालो, "ही वरची गावे असतील, शहराच्या पेट्या फुटू देत." पेट्या राहिल्या नाहीत हे ध्यानात असूनही तोंडी तेच शब्द आले. फेरीमागून फेरी गेली, अंतर मिटेना. अखेर प्रथमच विधानसभा लढविणारे शिवसेनेचे (शिंदे पक्षाचे) अमोल खताळ १,१२,३८६ मते मिळवून निवडून आले. थोरातांस १,०१,८२६. अंतर १०,५६० मतांचे. रस्त्यावर गुलाल उडाला, आणि आमच्या आळीत, जेथे दर वेळी त्याच गुलालाचा शिडकावा दुसऱ्या बाजूने होत असे, तेथे दारे लोटून घेतलेली दिसली.

संध्याकाळी ओळखीची मंडळी जमली. कोणी म्हणे लाडक्या बहिणींनी घात केला, कोणी म्हणे विख्यांनी कित्येक वर्षांचा हिशेब पुरा केला, कोणी म्हणे धर्माच्या नावाने मते एकवटली, कोणास यंत्रांचाच संशय. या वादात आम्ही पडत नाही. राज्यभर २८८ पैकी महायुतीस २३० हून अधिक जागा मिळाल्या आणि काँग्रेस १६ वर आली. तेव्हा लाटच मोठी होती हे उघड आहे. कराड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाण पडले. घनसावंगीत १९९९ पासून निवडून येणारे राजेश टोपे पडले. इतिहासाचा मास्तर दुःख झाले की दाखले शोधतो. तसे आम्हीही रात्री शोधीत बसलो. १९५२ साली मोरारजी देसाई आपल्या मतदारसंघात अवघ्या १९ मतांनी पडले होते, तरी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, जे अकरा वेळा निवडून आले, तेही १९९५ साली १९२ मतांनी पडले होते. पुढच्या खेपेस त्याच सांगोल्याने त्यांस पुन्हा पाठविले. ओडिशात चोवीस वर्षे मुख्यमंत्री असलेले नवीन पटनायक याच २०२४ च्या जूनमध्ये दोन जागी उभे राहून कांटाबांजीत पडले. दाखले पुष्कळ सापडले, समाधान काही सापडले नाही. मग कागद घेऊन आकडेमोड केली: ५,२८१ माणसांनी दुसरे बटण दाबले असते तर निकाल फिरला असता. एवढी माणसे आमच्या शाळेतून आमच्या हाताखालून गेली असतील.

"अहो, झोपा आता," सौभाग्यवती म्हणाल्या. आम्ही तो आकडा त्यांस दाखविला आणि खेदाने म्हणालो, "आपली पाच तरी गेली नाहीत, एवढंच."

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग दिवा मालवावयास गेलेला हात मागे घेऊन म्हणाल्या, "चार म्हणा. फार तर."

वाचकांनी आमच्या मुद्रेची कल्पना करावी. आम्ही म्हटले, "म्हणजे तुम्ही या वेळी खताळांना—"

"या वेळीच असं कुठे? मी नव्वद सालापासून त्यांना मत दिलेलंच नाही."

पस्तीस वर्षांच्या संसारात यापेक्षा मोठी वार्ता त्यांनी आम्हांस दिली नव्हती. राग आला असता तर बरे झाले असते. तो आला नाही, एक प्रकारची भीती वाटली. थोरातांनी असे काय केले म्हणून आम्ही विचारले. "काही नाही हो," त्या म्हणाल्या, "चांगलेच आहेत ते. पण ते निवडून येणार हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. त्यांना माझ्या एका मताची काय गरज होती? समोरचा बिचारा उन्हातान्हात दारोदार फिरायचा, त्याचं डिपॉझिटसुद्धा राहायचं नाही असं तुम्हीच म्हणायचात. मला वाटायचं, त्याला निदान घरी गेल्यावर वाटू दे की आपल्यालाही कोणी आहे. म्हणून दर वेळी जो पडणार असेल त्याला द्यायची. याही वेळी तसंच दिलं."

"आणि तो निवडून आला," आम्ही म्हणालो.

"तेच तर," असे म्हणून त्यांनी पदर डोळ्यांस लावला. "मला ते पडावेत असं नव्हतं हो."

अशा रीतीने आमच्या घरात त्या रात्री विजयी मतदार एकच होता, आणि तोच रडत होता. आम्ही त्यांची समजूत घालू लागलो. एका मताने काही होत नाही, असे म्हणालो. आणि लागलीच ओशाळलो, कारण याच्या अगदी उलट वाक्य आम्ही तेहतीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. अंथरुणावर पडल्यावर दुसराच विचार सुरू झाला. असे दयाळूपणाने, असे निर्धास्तपणे, 'ते तर येणारच' म्हणून दुसरीकडे गेलेले मत तालुक्यात एकच असेल काय? की 'ते तर येणारच' म्हणून घरी बसून राहिलेले? २०१९ च्या मानाने थोरातांची मते २३,५५४ नी घटली. ती सगळीच काही रागाने गेली नसावीत. आणि आणखी एक गोष्ट मनास टोचत राहिली. नव्वद सालापासून आठ निवडणुका झाल्या. आठही वेळा आम्ही केंद्रातून बाहेर येऊन 'झालं आपलं काम' म्हणालो, आणि सौभाग्यवतींनी मान हलविली. त्यांस आम्ही एकदाही विचारले नव्हते. विचारले असते तर त्यांनी सांगितले असते, हे त्यांच्या स्वभावावरून आम्ही शपथेवर सांगू. बाळासाहेबांस आपल्या तालुक्यात काय चालले आहे ते कळले नाही, म्हणून त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर किती शहाणपणाने बोललो होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीव व सूनबाईंकडे पाहण्याचाही आम्हांस धीर होईना. सूनबाईच चहा देता देता म्हणाली, "बाबा, आमचं विचारू नका हं. आम्ही एकमेकांनासुद्धा सांगितलेलं नाही." चिरंजीव वर्तमानपत्राआड होते. म्हणजे दोन मते अंधारातच राहिली, आणि आम्ही ती तेथेच राहू दिली.

राहिल्या मातोश्री. त्यांस निकाल सांगितला तेव्हा "असं का," एवढेच म्हणाल्या. सौभाग्यवती त्यांच्याजवळ निवडणे घेऊन बसल्या होत्या. रात्रीचे बोलणे मातोश्रींच्या कानी गेले असावे, कारण ऐकू येत नाही म्हणणाऱ्या माणसांस नेमके तेच ऐकू येते. थोड्या वेळाने त्या आपण होऊन सांगू लागल्या. पहिले मत १९५७ सालचे. तेव्हा शिक्का नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तीवर त्याचे चित्र, आणि आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकावयाचा. "मामंजी घरून निघताना म्हणाले, अमुक पेटीत टाक. वाटेत पुन्हा म्हणाले. दाराशी गेल्यावर तिसऱ्यांदा म्हणाले."

"मग टाकलात त्याच पेटीत?" सौभाग्यवतींनी विचारले.

मातोश्रींनी तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "आत मामंजी कुठे होते?" त्या म्हणाल्या.

सौभाग्यवती हसल्या. निकाल लागल्यापासून त्या प्रथमच हसत होत्या. आम्ही पिशवी घेऊन मंडईच्या वाटेस लागलो. त्या दिवशी रविवार होता आणि घरात भाजी नव्हती.